सोळा आण्यांची जमीन

कारखान्यात कामगाराची प्रत ठरते आणि प्रतीवरून पगार ठरतो. ही प्रतवारी कोण करतो आणि कशासाठी करतो, हे विचारल्यावाचून तिच्यातला न्याय-अन्याय उमगत नाही, हे संघटनेच्या कामात आम्ही शिकलो. जमिनीच्या प्रतबंदीलाही आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनेत प्रिंगलसाहेबाने मोजणी केली. लागवडीचा खर्च वजा जाता उरेल त्याच्या ५५ टक्के सारा, असे त्याचे गणित. १८३० साली ते अंमलात आले आणि रयत जमिनी टाकून जाऊ लागली. तेव्हा १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले. त्यांचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले.

पद्धत सोपी होती. शेताचे भाग पाडून खणून पाहावयाचे. माती काळी व बारीक, तांबूस व जाडी, की खडीची व भुसभुशीत, हे पाहून तीन वर्ग. त्यात खोली हातांनी मोजावयाची. पावणेदोन हात खोल काळी माती सोळा आण्यांची. तिथून खाली नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याची धूप असा एकेक दोष निघाला की एकेक प्रत उतरावयाची.

रयतेला हे डोळ्यांनी पडताळता येत असे, हा मोठा गुण. परंतु प्रश्न एकच होता: सारा किती? तीस वर्षांनी, १८६७ साली, इंदापूरचा सारा फार वाढला. त्यातच कापसाचे भाव कोसळले, सावकाराचा फास आवळला, आणि १८७५ साली सुप्याला दंगे पेटले.

पुढे प्रश्न बदलला. नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो १९७६ साली स्थापन झाला. आज शास्त्रज्ञ खड्डा घेऊन मातीचे थर वाचतात. निदान ३० टक्के चिकणमाती, उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा आणि मातीच्या घसरणीने गुळगुळीत झालेले पृष्ठ दिसले, की आपल्या काळ्या जमिनीला ‘व्हर्टिसोल’ म्हणतात. गण ते मालिका अशा सहा पायऱ्यांनी तिची ओळख पटते. कोणते पीक घ्यावे, पाणी किती द्यावे, निचरा कसा करावा, हे त्यावरून सांगता येते.

सात-बारावर ‘आकार’ आजही छापला जातो. तो शेतकऱ्याला ठाऊक असतो. आपल्या मातीची मालिका मात्र किती जणांना ठाऊक आहे? गोल्डस्मिडच्या कारकुनाने खणलेला खड्डा रयत स्वतः पाहत होती. आजचे ज्ञान त्याहून कितीतरी सरस आहे. ते तितकेच उघडे, बांधावर उभे राहून मराठीत समजावलेले असावे, एवढीच आमची मागणी आहे.