सहकारी बँका आणि संगणक-सुरक्षा : कॉसमॉस प्रकरणाचा ऐतिहासिक आढावा

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेची स्थापना १९०६ मधील. तिच्यावर ११ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. तो दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुटीचा दिवस होता. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभारला. त्यामुळे एटीएमवरील मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत न पोहोचता परस्पर मंजूर होत गेली. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून सुमारे ७८ कोटी व भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जारी केली. २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले.

खातेदारांनी पिन कितीही जपला असता, तरी ही चोरी टळली नसती. म्हणून सुरक्षेची जबाबदारी केवळ ग्राहकावर टाकता येत नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील पतसंस्था व व्यापाऱ्यांसाठी यातून निघणारे धडे साधे आहेत : सुटीतही व्यवहारांवर देखरेख, मोठ्या रकमेस दोन व्यक्तींची स्वतंत्र मंजुरी आणि फसवणूक दिसताच १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार.