एकाच फुलाचे दोन फोटो: मधमाशीला दिसणारी खूण आपल्याला का दिसत नाही?

मीरा-भाईंदरमधल्या चौक गावापासून थेट विदर्भापर्यंत, रस्त्याकडेला कुठेही उगवणारी एकदांडी आपण न बघताच ओलांडतो. मधमाशी मात्र त्याच फुलावर नेमकी उतरते. तिला फूल वेगळं दिसतं का? हो.

डोळ्यांचा फरक
माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो, मधमाशीला साधारण ३०० ते ६५०. म्हणजे गडद लाल रंग तिला जवळपास दिसत नाही, पण अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश दिसतो.

सूर्यफूल आपल्याला पिवळंधमक दिसतं. अतिनील फोटोत मात्र पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुडं काळी दिसतात. हे काळं वर्तुळ कीटकांना मकरंदाची जागा दाखवतं. ते तयार करणारी रंगद्रव्यं कोरड्या हवेत पाण्याचा ऱ्हास कमी करायलाही मदत करत असावीत, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं.

फोटो कसा काढतात?
कॅमेऱ्याच्या सेन्सरला थोडा अतिनील प्रकाश कळतो, पण त्यापुढची काच तो अडवते. म्हणून ती काच काढलेला कॅमेरा, अतिनील प्रकाश आरपार जाऊ देणारी लेन्स आणि फक्त तोच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लागतो. ट्रायपॉड न हलवता आधी साधा, मग अतिनील फोटो काढतात. दुसऱ्याला जास्त वेळ एक्स्पोजर द्यावं लागतं, त्यामुळे वारा असेल तर फूल हलून फोटो बिघडतो. मोबाइलमधल्या अ‍ॅपचा 'यूव्ही' इफेक्ट म्हणजे फक्त रंगांची अदलाबदल.

व्हायरल फोटो ओळखा
अंधारात निळी-हिरवी चमकणारी फुलं 'मधमाशीच्या नजरेतून' म्हणून शेअर होतात. तो दावा चुकीचा आहे. तिथे फुलावर यूव्ही टॉर्च मारलेला असतो आणि फूल त्या बदल्यात जो दृश्य प्रकाश सोडतं, तो कॅमेरा टिपतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. खऱ्या अतिनील फोटोत फुलावरून परतलेला अतिनील प्रकाशच टिपलेला असतो. त्यातले रंगही नंतर दिलेले असतात, कारण अतिनीलला आपल्या डोळ्यांसाठी रंगच नाही.

हे लक्षात ठेवा
यूव्ही टॉर्च डोळ्यांवर मारू नका आणि फोटोसाठी रानफूल तोडू नका. फोटो तुमच्यासाठी असला, तरी ती खूण मधमाशीसाठी आहे.