स्ट्रेट फुट लॉक

ब्राझिलियन जिउ-जित्सूमधील घोट्यावरचा डाव. प्रतिस्पर्ध्याचे पाऊल काखेत घट्ट धरून मनगटाचे हाड टाचेवरच्या जाड स्नायुरज्जूला लावतात, गुडघ्यांनी त्याची मांडी आवळतात आणि कंबर पुढे रेटतात. खरा जोर कमरेचा. नुसत्या हाताने ओढणारा लवकर दमतो. सोडवणूक पकड बसण्याआधीच सुरू व्हावी : बोटे नडगीकडे ताणून, बुटात सरकवावे तसे पाऊल खोल रेटायचे, पकड पोटरीवर सरकली की उठून वर यायचे. सुटका दिसत नसेल तर लगेच थाप देऊन हार मानावी, दुखावलेला घोटा बरा व्हायला फार वेळ घेतो. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढांना हा डाव चालतो, १६ वर्षांखालील मुलांना नाही. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की चीतपट. त्यामुळे नाशिकच्या तालमीत घडलेल्या मल्लाला पाठीवर पडून पाय धरणे नव्याने शिकावे लागते.