तालीम आणि सदरा

नवरात्र उरकले आणि एक पालक शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, पोरगं तालमीतनं हलत नाही. वर्ष वाया जाणार बघा याचं!" मी त्यांना चहा दिला आणि अशाच एका वाया गेलेल्या वर्षाची हकीकत सांगितली. तीच आज फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

हकीकत पुण्याची, १८७३ सालची. आमचे तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आगगाडी सोलापूरला १८६० सालीच आलेली. पण घाट उतरून सोलापूर गाठायचे आणि तेथून पुढे पुणे, अशी इकडच्या पोराला कॉलेजची वाट लांबची होती. पुण्यात येरवड्याजवळ नदीकाठी डेक्कन कॉलेजची दगडी इमारत १८६८ पासून उभी होती. बरेच विद्यार्थी तिथल्याच वसतिगृहात राहत.

तेथे बळवंतराव टिळक दाखल झाले. वय सोळा, देह किरकोळ, प्रकृती तोळामासा. त्यांनी मनाशी ठरवले की, आधी शरीर, मग पुस्तक. सकाळ-संध्याकाळ तालीम, कुस्ती, नदीत पोहणे आणि भरपूर खाणेपिणे असा वर्षभराचा क्रम त्यांनी ठेवला. व्हायचे तेच झाले, परीक्षेत अपयश आले! पण पुढे हेच टिळक गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९ साली एल्‌एल.बी. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली आणि 'गीतारहस्य' लिहूनच ते बाहेर आले. तालमीतल्या त्या वर्षाची पुण्याई तिथे कामी आली, असे मला नेहमी वाटते.

पालकांचा चेहरा खुलला. पण हकीकत इथेच संपवली तर ती अर्धीच राहील.

त्याच कॉलेजात टिळकांच्याच वयाचा दुसरा एक विद्यार्थी होता, टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर. टिळकांना वडिलांनी मागे ठेवलेल्या पुंजीचा आणि चुलत्यांचा आधार होता. आगरकरांच्या घरी दारिद्र्य. अंगात एकच सदरा. तो रात्री धुवायचा, वाळला की सकाळी घालायचा. निबंधांची बक्षिसे मिळवून आणि लेखन करून फीचे भागवायचे. १८७९ च्या सुमारास कायदा शिकणारे टिळक आणि एम.ए. करणारे आगरकर यांची गाठ तिथेच पडली. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, अशा त्यांच्या रात्र-रात्र गप्पा चालत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढाकार घेतला आणि २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी बरोबरच १०१ दिवस काढले.

पुढे मतभेद झाले, वाटा वेगळ्या झाल्या. आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण दम्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. टिळक चौसष्ट वर्षे जगले. दमा दारिद्र्यानेच झाला, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, शरीर कमावायला एक वर्ष बाजूला काढण्याची सोय एकाला होती, दुसऱ्याला नव्हती. दोघांच्याही बुद्धीत काही उणे नव्हते.

पालक जरा वेळाने म्हणाले, "मग गुरुजी, जाऊ देऊ का पोराला?"

मी म्हटले, "जाऊ द्या. पण तालमीआधी त्याच्या पोटात काय पडते, तेही बघत चला."

ते गेले. मी हजेरीपट उघडला. त्यात तालीमबाज आहेत, तशी एकाच सदऱ्याची मुलेही आहेत. आता तुळजापुरातच महाविद्यालये झाली, घाट उतरण्याची गरज राहिली नाही. मैदानेही आहेत. पण उपाशी पोटी मैदानावर कोण टिकणार? वाचकहो, यंदा भाऊबीजेच्या ओवाळणीतले चार पैसे ओळखीतल्या अशा एखाद्या मुलाच्या खानावळीसाठी बाजूला काढाल का? कुणी सांगावे, त्या सदऱ्याआड एखादा आगरकर असेल!