चहाचा पेला आणि दोन बंदरे

अमेरिकेतील बॉस्टन बंदरात, पाण्याच्या अगदी काठी, ‘ॲबिगेल’ नावाचे एक चहागृह आहे. समुद्रकाठच्या सहलीस निघालेल्या मंडळींना पावसाने गाठले म्हणजे ती तेथे आश्रय घेतात. १७७३ साली ह्या बंदरात बुडविल्या गेलेल्या चहाचे बोही, काँगू, सूशाँग, सिंग्लो व हायसन हे पाच प्रकार तेथे चाखावयास मिळतात.

१६ डिसेंबर १७७३ हा दिवसही असाच थंडीपावसाचा होता. ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतील चहावर पौंडामागे ३ पेन्स जकात ठेवली होती. ज्या सभेत आपला प्रतिनिधी नाही, तिने लादलेला कर देणार नाही, असा बॉस्टनकरांचा निर्धार होता. त्या रात्री त्यांनी ‘डार्टमथ’, ‘एलेनॉर’ व ‘बीव्हर’ ह्या गलबतांवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या ३४० पेट्या फोडून चहा समुद्रात टाकला. तो चहा चीनचा होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला तो १८३९ साली.

त्याच ‘डार्टमथ’मधून फिलिस व्हीटली हिच्या कवितासंग्रहाच्या प्रतीही आल्या होत्या. आफ्रिकेत जन्मलेली ही मुलगी १७६१ साली, सात-आठ वर्षांची असता, बॉस्टनमध्ये गुलाम म्हणून विकली गेली. जहाजाचे नाव तिचे नाव झाले आणि धन्याचे आडनाव तिचे आडनाव. १७७३ साली ती मुक्त झाली. त्या स्वातंत्र्यप्रेमी शहरातील इतर अनेकजण मात्र दास्यातच राहिले.

चहात पडणारी साखरही वेस्ट इंडिज बेटांतील गुलामांच्या श्रमाची होती. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपावयाची ठरली, तेव्हा मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजाने ३६ हिंदी मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरविले. पुढे मुंबई बंदरातून मराठी माणसेही त्याच वाटेने गेली. नोंदवहीत प्रत्येकाला क्रमांक मिळाला. जेथे ते उतरले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला.

बॉस्टनमध्ये कराचा हिशेब झाला. त्या पेल्यातील घामाचा हिशेब इतिहासाने फार उशिरा मांडावयास घेतला. बॉस्टनची गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी. परंतु त्याचबरोबर त्यांच्या पणजोबांचे नाव, गाव आणि जहाजही त्यांना ठाऊक असावे.