फ्रेम कधी संपते? स्नूकरच्या शेवटाचा इतिहास

स्नूकरमधल्या एका पूर्ण डावाला फ्रेम म्हणतात. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत आणि मारायचा एक पांढरा, अशा बावीस चेंडूंनी ती सुरू होते. टेबल रिकामे होईपर्यंत ती चाललीच पाहिजे, असे बंधन मात्र नियमांत नाही. खेळाडूने आपल्या पाळीत हार मान्य केली, तर फ्रेम संपते. एकटा काळा उरला असताना सातपेक्षा जास्त गुणांनी पुढे असलेल्याने आपल्या पाळीत डावावर हक्क सांगितला, तरी ती संपते. काळा पॉकेटमध्ये गेला किंवा त्या अवस्थेत कोणाकडून फाउल झाला आणि गुण सारखे झाले नाहीत, तरी शेवट होतो. आणि क्वचित रेफरी स्वतःच डाव प्रतिस्पर्ध्याला बहाल करतो. हे मार्ग एकाच बैठकीत ठरले नाहीत. छावण्यांतल्या पैजांच्या खेळापासून जागतिक स्पर्धांपर्यंतच्या प्रवासात ते एकेक करून पक्के होत गेले.

स्नूकरच्या आधी बिलियर्डच्या टेबलावर जे पैजेचे खेळ चालत, त्यांचे शेवट अगदी वेगळे होते. ‘लाइफ पूल’मध्ये प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या रंगाचा असे आणि प्रत्येकाला तीन ‘जीव’ मिळत. आपला चेंडू दुसऱ्याने पॉकेटमध्ये घातला की एक जीव जाई, सगळे जीव गेले की खेळाडू बाहेर. शेवटपर्यंत तगून राहील तो जमलेली रक्कम उचलत असे. खेळ संपे तो माणसे संपल्यावर. ‘पिरॅमिड’मध्ये मात्र चेंडू संपल्यावर खेळ संपे. त्रिकोणात रचलेले पंधरा लाल चेंडू दोघे पॉकेटमध्ये घालत आणि ज्याचे जास्त, तो विजयी. पंधरा ही विषम संख्या. त्यामुळे फाउलची वजाबाकी झाली नाही, तर दोघांपैकी एक जण पुढे असणारच. बरोबरी टाळण्याची सोय चेंडूंच्या संख्येतच होती. स्नूकरने पिरॅमिडचे लाल चेंडू उचलले, पूलचे रंग उचलले, पण ही सोय मात्र त्याच्या हातून निसटली. फ्रेमच्या शेवटाचा पुढचा सगळा इतिहास या निसटलेल्या सोयीची भरपाई करण्याचा आहे.

हा खेळ ज्या छावणीजीवनातून आला, त्याचे एक ठाणे मराठवाड्यात जालन्याला होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतरच्या काळात जालना हे निजामाच्या मुलखातले महत्त्वाचे लष्करी ठिकाण बनले. कुंडलिका नदीच्या एका काठावर जालना, दुसऱ्या काठावर कादराबाद आणि वस्तीपासून थोडी दूर छावणी, अशी त्याची मांडणी होती. पुढे तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी राहिल्या. या फौजेचा खर्च निजामाचा, हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची. त्याच खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. कंटिन्जंटच्या पलटणींत शिपाई हिंदी आणि इंग्रज अधिकारी मूठभर असत. जालन्याला रेल्वे पोहोचली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. म्हणजे छावणीचे जवळजवळ सगळे आयुष्य रेल्वेच्या आधीचे आहे. १९०२ च्या करारानंतर कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि १९०३ मध्ये जालन्यातून फौज हलली.

अशा ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांचा दिवस पहाटेच्या कवायतीने सुरू होई आणि दुपारनंतर हात रिकामे असत. पावसाळ्यात पोलो नाही, शिकार नाही. उरे ते मेसमधले टेबल. दोघांनीच खेळायचे बिलियर्ड अशा मंडळींना पुरत नसे. चार-सहा जणांना एकत्र घेणारे आणि खिशातल्या नाण्यांना काम देणारे पूलचे प्रकार त्यांना जवळचे होते. एका ठाण्यावर निघालेली युक्ती बदलीबरोबर दुसऱ्या ठाण्यावर जाई. म्हणूनच स्नूकर लंडनच्या एखाद्या सभागृहात जन्मला नाही, तो मध्य भारतातल्या पावसाळ्यात जन्मला. ही गोष्ट खेळाच्या स्वभावाशी जोडलेली आहे आणि ती विसरली की नियमांचा अर्थ अर्धाच कळतो.

१८७५ मध्ये जबलपूरला डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने ‘ब्लॅक पूल’ या पूलच्याच एका प्रकारात पिरॅमिडचे लाल आणि आणखी रंगीत चेंडू मिसळले. (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नेव्हिल चेंबरलेन वेगळा.) निळा आणि तपकिरी हे रंग नंतर आले असे मानले जाते. वूलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवख्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत. सोपा फटका चुकवणाऱ्या सोबत्याला चेंबरलेनने तोच शब्द वापरला आणि तो खेळाला चिकटला. अफगाण युद्धात जखमी झाल्यावर चेंबरलेन मद्रासच्या सेनापतीच्या, म्हणजे फ्रेडरिक रॉबर्ट्‌सच्या, हाताखाली आला. मद्रास सरकारचा उन्हाळा उटीला जाई आणि तिथल्या क्लबात या खेळाचे नियम १८८२ च्या सुमारास लिहून भिंतीवर लावले गेले. १८८५ मध्ये बिलियर्डचा इंग्लिश विजेता जॉन रॉबर्ट्‌स भारतात आला असताना कलकत्त्यात चेंबरलेनला भेटला आणि खेळाची माहिती घेऊन परतला. चेंबरलेनचा हक्क सर्वमान्य व्हायला मात्र १९३८ साल उजाडावे लागले. तेव्हा त्याने स्वतः पत्र लिहून ही हकीकत प्रसिद्ध केली.

इंग्लंडमध्ये बिलियर्ड्स असोसिएशनने १९०० मध्ये स्नूकरचे अधिकृत नियम केले आणि १९१६ मध्ये हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. इथे जुना प्रश्न उघडा पडला. मेसमध्ये बरोबरी झाली तर पैजेची रक्कम वाटून घेता येत होती; बाद फेरीच्या स्पर्धेत तसे करता येत नाही. आणि स्नूकरमध्ये बरोबरी सहज होते. लाल चेंडूचा एक गुण, पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा, काळ्याचे सात. प्रत्येक लाल चेंडूनंतर कोणता रंग घ्यायचा हे खेळाडूच्या मर्जीवर. शिवाय फाउलचे किमान चार आणि कमाल सात गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात. एका फ्रेमची एकूण बेरीज आधी सांगताच येत नाही. पंधराही लाल चेंडूंनंतर काळाच घेतला आणि मग सहा रंग क्रमाने घेतले, तर १२० अधिक २७ मिळून १४७ होतात. पण तो एकाच खेळाडूच्या एका सलग पाळीचा कळस आहे. दोघांच्या गुणांची बेरीज सम निघाली की बरोबरीची वाट मोकळीच.

१९१९ मध्ये इंग्लंडमधल्या बिलियर्डच्या दोन प्रतिस्पर्धी नियामक संस्था एक झाल्या आणि नव्या संस्थेने अनिर्णित फ्रेम नियमांतून काढून टाकली. उपाय असा: काळा पॉकेटमध्ये गेल्यावर किंवा त्यावर फाउल झाल्यावर गुण सारखे झाले, तर काळा पुन्हा त्याच्या ठिपक्यावर ठेवायचा. नाणेफेक होते, जिंकणारा कोणी आधी खेळायचे ते ठरवतो. पांढरा चेंडू टेबलावरच्या ‘डी’ या अर्धवर्तुळाच्या आत हवा तिथे ठेवून खेळ सुरू होतो आणि पुढचा पहिला गुण किंवा पहिला फाउल फ्रेम संपवतो. स्नूकरच्या साऱ्या नियमांत याच्याइतका नेमका नियम दुसरा नाही. एका चेंडूत त्याने पिरॅमिडची हरवलेली विषमता परत आणली.

त्याच्या आधीचा टप्पा, म्हणजे काळा पहिल्यांदा एकटा उरतो तो क्षण, यावर थोडे थांबायला हवे, कारण स्नूकर पार्लरमध्ये सर्वांत जास्त वाद इथेच होतात. गुलाबी आणि काळा असे दोन चेंडू असतील, तर टेबलावर तेरा गुण आहेत. पंधरा गुणांनी मागे असलेला खेळाडू दोन्ही चेंडू घालूनही जिंकत नाही, पण त्याला खेळता येते: तो पांढरा चेंडू अडवून ठेवतो, प्रतिस्पर्ध्याकडून फाउल करून घेतो आणि सहा गुण मिळवतो. याला खेळाडू ‘स्नूकर हवा आहे’ असे म्हणतात. काळा एकटा उरला की ही आशा संपते, कारण पहिल्या फाउललाच फ्रेम मिटते. दुसरी संधी नसते. आघाडी सहा किंवा कमी असेल, तर काळा ज्याच्या हातून जाईल तो जिंकतो. आघाडी बरोबर सात असेल, तर मागच्या खेळाडूने काळा घातल्यावर बरोबरी होते आणि काळा पुन्हा ठिपक्यावर येतो. आघाडी आठ झाली की काळा घालूनही एक गुण कमीच पडतो, आणि सातचा फाउल मिळूनही. म्हणूनच सातपेक्षा जास्त आघाडी असलेल्या खेळाडूला काळा न घालता डावावर हक्क सांगता येतो.

२८ एप्रिल १९८५ च्या रात्री शेफील्डला सुरू असलेला जागतिक अंतिम सामना मध्यरात्र ओलांडून गेला आणि याच गणितावर येऊन ठेपला. स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर यांच्या प्रत्येकी सतरा फ्रेम झाल्या होत्या. शेवटच्या फ्रेममध्ये टेलरने तपकिरी, निळा आणि गुलाबी घालून गुण ६२–५९ वर आणले. फरक तीन. दोघांनाही फक्त काळा हवा होता आणि दोघांच्याही हातून तो निसटत राहिला. अखेर टेलरने तो घातला: फ्रेम ६६–६२, सामना १८–१७. ब्रिटनमध्ये तो शेवट दूरचित्रवाणीवर एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी पाहिला.

बहुतेक फ्रेम मात्र काळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मागे पडलेला खेळाडू हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो आणि डाव संपतो. नियम सांगतो की ही हार फक्त आपल्या पाळीतच मान्य करता येते. प्रतिस्पर्धी टेबलावर असताना नाही. आणि प्रतिस्पर्ध्याला ती नाकारून खेळत राहण्याचाही अधिकार आहे. टेबलावर जिंकण्याइतके गुण शिल्लक असताना, स्नूकरची गरज नसताना डाव सोडून देणे मात्र गैरवर्तन मानले जाते. हार कबूल करण्याचा हक्क आणि लढण्याचे कर्तव्य यांच्यातली ही रेषा खेळाच्या सभ्यतेचा गाभा आहे. ती आखली नाही, तर प्रेक्षकांचा आणि प्रतिस्पर्ध्याचाही अपमान होतो.

महाराष्ट्रात हे शिष्टाचार क्लब आणि जिमखान्यांतून रुजले. जबलपूरला स्नूकर निघाले त्याच वर्षी, १८७५ मध्ये, बॉम्बे जिमखान्याची स्थापना झाली होती. क्लबांच्या टेबलांशी गुण मोजायला ‘मार्कर’ उभा असे आणि कित्येकांचा पहिला गुरू तोच होता. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले. कोणत्याही खेळातले वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. स्नूकरमध्येही ते राष्ट्रीय विजेते होते. स्नूकरच्या हौशी जागतिक स्पर्धेची सुरुवात १९६३ मध्ये कलकत्त्यातच झाली, पण भारतीय विजेता मिळायला १९८४ पर्यंत थांबावे लागले: त्या वर्षी डब्लिनला ओम अगरवाल जिंकले. मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत रफत हबीबसोबत स्नूकर दुहेरीचे सुवर्ण आणले. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने २००३ मध्ये जागतिक स्नूकर विजेतेपद पटकावले. २०१३ च्या वर्ल्ड गेम्समध्ये आदित्य मेहताने सुवर्ण जिंकले आणि २०१५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची इंडियन ओपन मुंबईत भरली.

जिमखान्याबाहेर हा खेळ पार्लरमध्ये पसरला आणि तिथे फ्रेमच्या शेवटाला पुन्हा पैशाचा संबंध जोडला गेला. हरणाऱ्याने टेबलाचे भाडे द्यायचे, हा भारतभरच्या पार्लरमधला जुना रिवाज आहे. त्यामुळे फ्रेम नक्की कधी संपली हा प्रश्न तिथे कागदी राहत नाही. काळ्यावर पांढरा चेंडू पॉकेटमध्ये गेला तर खेळ चालू राहतो की संपतो, असे अनेकदा विचारले जाते. उत्तर वर आलेच आहे: सात गुण प्रतिस्पर्ध्याला जातात आणि त्यानंतर बरोबरी झाली नसेल, तर फ्रेम तिथेच संपली.

रेफरीने फ्रेम बहाल करण्याचे प्रसंग थोडे आहेत. समोरचा चेंडू सरळ दिसत असताना खेळाडू तो सलग चुकवत राहिला, तर दुसऱ्या चुकीनंतर रेफरी ताकीद देतो आणि तिसऱ्या चुकीला फ्रेम जाते. जाणूनबुजून वेळ काढणे किंवा गैरवर्तन यासाठीही ही शिक्षा आहे. याउलट चेंडूंची स्थिती अशी अडकली की कोणीच धोका पत्करायला तयार नाही, तर रेफरीच्या सूचनेनंतर चेंडू नव्याने मांडले जातात. तेव्हा फ्रेम संपली असे म्हणत नाहीत. झालेले गुण रद्द होतात आणि तीच फ्रेम पहिल्यापासून सुरू होते.

काही सामने एकूण गुणांवर ठरतात. अशा वेळी एखाद्या फ्रेममध्ये बरोबरी झाली, तरी काळा पुन्हा ठेवला जात नाही. शेवटच्या फ्रेमनंतर एकूण बेरीज सारखी निघाली, तरच तो ठिपक्यावर येतो. अडवाणीने २०१४ आणि २०१५ मध्ये जिंकलेल्या सहा लालच्या जागतिक स्पर्धेत फ्रेम लहान असते, कमाल ७५ गुणांची, पण तिचा शेवट याच नियमांनी होतो. वेगळा शेवट आहे तो ‘शूटआउट’ या अलीकडच्या प्रकारात. तिथे फ्रेम दहा मिनिटांची असते आणि घड्याळ थांबले की संपते. बरोबरी झाली तर काळ्याऐवजी निळा ठिपक्यावर ठेवतात आणि दोघे आळीपाळीने तो घालण्याचा प्रयत्न करतात. सारख्या संधींनंतर ज्याचा जास्त वेळा गेला, त्याची फ्रेम.