उत्तर न देणाऱ्यांचा पेशा

गुडघे वाकवा, रॅकेट लवकर मागे न्या, मनगट सैल सोडू नका. टेनिसच्या शिक्षकाने असंच शिकवायचं असतं आणि टिमथी गॅलवेही तसंच शिकवत. १९६० साली ते हार्वर्डच्या टेनिस संघाचे कप्तान होते. पुढे शिक्षणक्षेत्रातल्या नोकरीतून रजा घेऊन १९७१च्या सुमाराला ते कॅलिफोर्नियातल्या एका क्लबात टेनिस शिकवू लागले. तिथे त्यांच्या लक्षात जी गोष्ट आली ती कुठल्याही मास्तरला अडचणीत आणणारी होती. एखादी चूक दाखवायची राहून गेली, तरी ती पुष्कळदा आपोआप सुधारत होती. दाखवली की मात्र शिकणारा आखडत होता.

मग त्यांनी शिकवणं कमी केलं. शिकणाऱ्याला काम एकच: चेंडूने टप्पा घेतला की मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचं, रॅकेटला लागला की ‘फटका’. तेवढ्याने लक्ष चेंडूवर खिळायचं, डोक्यातली बडबड थांबायची आणि हात आपलं काम करू लागायचा. गॅलवे यांचं म्हणणं असं, की प्रत्येक खेळाडूत दोन ‘मी’ नांदतात. एक हुकूम सोडणारा, दुसरा खेळणारा. आणि पहिल्याने गप्प बसायला शिकावं, यातच बराचसा खेळ आहे. १९७४ साली त्यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ आलं आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. इतके टेनिसपटू गिऱ्हाईक म्हणून मिळणं अवघडच. पुस्तक वाचत होते ते व्यवस्थापक, वादक, विक्रेते.

आज ‘लाइफ कोच’ म्हणवणारे लोक आपली वंशावळ सांगतात ती बहुधा इथून. पण या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत गॅलवे यांनी आईवडिलांबरोबर आणखी एक नाव घातलं होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. ते नाव होतं गुरू महाराजजींचं, म्हणजे हरिद्वारला जन्मलेल्या आणि १९७१ साली वयाच्या तेराव्या वर्षी अमेरिकेत उतरलेल्या प्रेम रावत यांचं. हार्वर्डचा माजी कप्तान या पोरसवदा गुरूचा शिष्य झाला होता, ध्यानाला बसत होता. टेनिसच्या मैदानावर त्याला जे दिसलं, ते पाहण्याची नजर काही प्रमाणात तरी तिथून आली होती.

हा योगायोग एकटा नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर इथे १९६२ साली ‘एसालेन’ ही संस्था निघाली. माणसाच्या सुप्त शक्ती जागवण्याच्या त्या काळातल्या चळवळीचं ते माहेरघर. तिचे एक संस्थापक मायकल मर्फी त्याआधी पाँडिचेरीला अरविंद आश्रमात वर्षाहून जास्त राहून आले होते. एकीकडे हा पूर्वेकडून आलेला प्रवाह. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स. १९५१च्या आपल्या पुस्तकात त्यांनी समोरच्या माणसाला ‘रुग्ण’ न म्हणता ‘क्लाएंट’ म्हटलं आणि त्याच्या आयुष्यातला जाणकार तोच, अशी भूमिका घेतली. उपचार करणाऱ्याने ऐकायचं, सल्ले द्यायचे नाहीत. कोचमंडळींची बैठक आज ज्या नियमांवर चालते, त्यातले निम्मे रॉजर्सचे आहेत.

गॅलवे यांची विद्या इंग्लंडला नेली जॉन व्हिटमोर यांनी. हे उमराव घराण्यातले, पदवीने ‘सर’, आणि पेशाने मोटारशर्यतींचे चालक. १९६५ साली लोटस कॉर्टिना चालवून युरोपचं विजेतेपद मिळवलेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गॅलवे यांच्या पद्धतीने टेनिस आणि स्कीइंग शिकवण्याचा उद्योग सुरू केला. तिथला एक प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. टेनिसचे कोच कमी पडले, तेव्हा त्यांनी स्कीइंगच्या कोचना टेनिसचे कपडे घातले, काखेत रॅकेट दिली आणि बजावलं, की ती वापरून दाखवायच्या भानगडीत पडू नका. शिकणाऱ्यांची प्रगती तशीच झाली, एकदोघांच्या बाबतीत तर जास्तच चांगली झाली. कारण उघड होतं: ज्याला टेनिस येत नाही तो ‘असं मारा’ म्हणू शकत नाही. तो विचारतो, की चेंडू रॅकेटला लागला तेव्हा तुम्हाला काय जाणवलं?

या पेशाचा सगळा मोठेपणा या एका प्रसंगात आहे आणि सगळी पंचाईतही. खेळ येत नसलेला माणूस खेळ सुधारू शकत असेल, तर कोच व्हायला नेमकं काय यावं लागतं? पुढची पन्नास वर्षं या प्रश्नाभोवतीच फिरताना दिसतात.

व्हिटमोर यांच्यापुरतं उत्तर होतं नीट प्रश्न विचारण्याची रीत. ग्रॅहम अलेक्झांडर आणि ॲलन फाइन या सहकाऱ्यांबरोबर ऐंशीच्या दशकात मॅकिन्झीसारख्या कंपनीत काम करताना ‘ग्रो’ नावाचा आराखडा घडला. काय हवंय, सध्या काय आहे, वाटा कोणत्या आणि त्यातली तुम्ही कोणती धरणार, असे चार टप्पे. व्हिटमोर यांच्या १९९२च्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ने तो जगभर नेला. आराखडा इतका साधा, की त्यासाठी तिघांना डोकं लावावं लागलं यावर विश्वास बसत नाही. पण साहेबाने हाताखालच्या माणसाला सांगण्याऐवजी विचारावं, ही कल्पनाच त्या कचेऱ्यांना नवी होती.

दुसरी शाखा सॅन फ्रान्सिस्कोची, आणि तिचा रंग अगदी निराळा. जॅक रोझेनबर्ग नावाचा गाड्या आणि पुस्तकं विकणारा माणूस घर सोडून निघाला, त्याने वर्नर एर्हार्ड असं नाव घेतलं आणि १९७१ साली ‘एस्ट’ नावाची शिबिरं सुरू केली. हॉटेलच्या दिवाणखान्यात शेकडो लोक, दोन शनिवार-रविवार मिळून साठेक तास, नैसर्गिक विधींनाही सवड मोजून मापून. एर्हार्ड वर्गाला चांगलंच फैलावर घेत. या माणसाने १९७४ साली एका स्वामींचा अमेरिका दौरा घडवून आणण्यात पुढाकार घेतला. ते होते ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीचे मुक्तानंद. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांपासून जवळ असलेल्या त्या आश्रमाचा कोचिंगच्या पूर्वजांशी असा एक धागा जुळतो. मात्र तो फार ताणू नये: मुक्तानंदांनी कोच तयार केले नाहीत, ते दीक्षा देत होते.

कोच तयार केले ते एर्हार्ड यांच्या संस्थेत अंदाजपत्रकाचं काम पाहिलेल्या टॉमस लेनर्ड यांनी. ऐंशीच्या दशकात ते लोकांना पैशाच्या नियोजनाचा सल्ला देत. चांगली कमाई असलेली, डोकं ठिकाणावर असलेली माणसं गुंतवणुकीचं बोलणं संपलं तरी उठत नसत. नोकरी सोडू का, घर कुठे करू, आता पुढे काय, असं विचारत बसत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याजोगं त्यांना काही झालेलं नव्हतं आणि मित्रांशी असं बोलवत नव्हतं. लेनर्ड यांनी त्या उरलेल्या वेळाचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. १९९२ साली त्यांनी ‘कोच यू’ ही शाळा काढली. त्याच वर्षी लॉरा व्हिटवर्थ यांनी हेन्री आणि कॅरन किम्सी-हाउस यांच्याबरोबर ‘कोचेस ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ उभी केली. व्हिटवर्थ अकाउंटंट होत्या, हेन्री नट.

लेनर्ड यांचं खरं हत्यार टेलिफोन. त्यांचे वर्ग फोनवर भरत, अनेकजण एकाच लाइनवर. कोच एका राज्यात, क्लाएंट दुसऱ्या. कार्यालय नको, दवाखाना नको, पाटी नको. कोविडच्या काळात झूमवर स्थिरावलेल्या धंद्याला तोंड न पाहता बोलण्याची सवय अशी तीस वर्षं आधीची आहे. स्वतः लेनर्ड घरासारख्या मोठ्या गाडीतून अमेरिकाभर फिरत काम करत. २००३च्या फेब्रुवारीत, अवघ्या ४७व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले.

त्याआधी १९९५ साली त्यांनी ‘इंटरनॅशनल कोच फेडरेशन’ स्थापन केली होती. आयसीएफ या नावाने ती आज या जातीची सगळ्यांत मोठी पंचायत आहे. नैतिक नियम, तक्रारींची व्यवस्था, शाळांना मान्यता असं सगळं तिच्याकडे आहे. आणि ‘कोचला काय यावं लागतं’ या जुन्या प्रश्नाचं तिने दिलेलं उत्तर हिशोबनिसांना शोभेल असं आहे: तास. पहिल्या पायरीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं कोचिंग. दुसरीला १२५ आणि ५००. मास्टर म्हणवून घ्यायचं तर २०० आणि २५००. शिवाय परीक्षा, आणि अनुभवी कोचकडून १० तास स्वतःचं कोचिंग करून घ्यायचं. त्यामुळे जुन्या कोचच्या उत्पन्नाचा एक चांगला झरा म्हणजे नवे कोच, हेही ओघाने आलंच. या क्षेत्राचे टीकाकार बोट ठेवतात ते इथे, आणि ते चुकीचं नाही.

कायद्याने मात्र यातलं काहीच लागत नाही. उद्या सकाळी कुणीही पाटी लावावी. कोलोरॅडो राज्यात या शतकाच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांनी विचारलं, की माणसाशी त्याच्या आयुष्याबद्दल पैसे घेऊन बोलायचं, तर हा मानसोपचार का नव्हे? त्यासाठी परवाना का नको? कोचमंडळी हादरली, एकत्र आली आणि २००४ साली तिथल्या विधिमंडळाने कोचिंगला त्या कायद्यातून वगळलं. आजार बरा करणं आमचं काम नाही, क्लाएंट धडधाकट आहे, असा त्यांचा युक्तिवाद. तो आजही प्रत्येक करारात असतो. निराशेने ग्रासलेला माणूस मात्र दारावर करार वाचून येत नाही. म्हणून तसं दिसलं की तज्ज्ञाकडे पाठवणं हे कोचचं कर्तव्य, असं आयसीएफचे नियम सांगतात. पाळायचं की नाही हे ज्याचं त्याच्यावर.

आयसीएफच्याच २०२३च्या पाहणीत जगभरच्या कोचची संख्या सुमारे १,०९,२०० आणि वर्षाची उलाढाल साडेचार अब्ज डॉलरच्या वर असा अंदाज निघाला. मुंबईत आणि पुण्यात या संघटनेच्या शाखा आहेत. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की लातूर किंवा कोटा डोळ्यांपुढे येतं, जिथे उत्तरं पाठ करून घेतात. त्यामुळे उत्तर न देण्याची फी मागणाऱ्या माणसाला इथे वैयक्तिक गिऱ्हाईक मिळवणं सोपं नाही. त्याचं बिल बहुधा कंपनीचं मनुष्यबळ खातं भरतं.

क्रिकेटने मात्र ही कल्पना फार आधी पदरात पाडून घेतली होती. २००८ साली गॅरी कर्स्टन भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी पॅडी अप्टन यांना मनाच्या तयारीसाठी सोबत घेतलं. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर विश्वचषक जिंकला त्या संघात ते होते. तेंडुलकरला स्ट्रेट ड्राइव्ह शिकवण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती, ते त्यांचं कामही नव्हतं. २०२४ साली सिंगापूरला अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या मागेही अप्टन होते. बुद्धिबळाच्या चाली त्याला दुसरेच लोक दाखवत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आयसीएफने कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या कोचिंगसाठी निकषांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात नैतिकता आहे, प्रश्न विचारण्याची रीत आहे, माहितीची गोपनीयता आणि सुरक्षितता आहे. एकाच वेळी हजारो लोकांशी बोलणारं यंत्र मास्टर कोचचे २५०० तास चहा निवायच्या आत भरून मोकळं होईल. तेव्हा तिथे पात्रता कशाने मोजायची, यावर मुंबई-पुण्यातल्या कोचमंडळींच्या बैठकाही आता रंगू लागतील.